पुण्याचं पाणी : आणखी एक धरण, की आहे त्या पाण्याचा हिशेब?

लेखक : आंबिल ओढा
विभाग : नागरी प्रश्न

दर वर्षी मार्च उजाडला की पुण्याच्या वर्तमानपत्रांत दोन बातम्या शेजारी शेजारी येतात. एक, खडकवासला धरणसाखळीत किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी उरलं. दुसरी, वाघोली, धानोरी, बाणेर, सिंहगड रस्ता इथल्या टँकरच्या रांगा. दोन्ही वाचून बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात : शहर वाढलं, पाणी पुरत नाही, नवा स्रोत शोधा. मला हा निष्कर्ष पटत नाही. का पटत नाही ते आकड्यांनिशी मांडतो. आकड्यात चूक दिसली तर खोडून काढा, पण आकड्यानेच.

आपल्या वरच्या अंगाला चार धरणं आहेत. टेमघर 3.71 टीएमसी, वरसगाव 12.82, पानशेत 10.65 आणि खडकवासला 1.97. एकूण 29.15. शिवाय 2021 पासून पूर्व भागाला भामा आसखेडचं पाणी येतं. अलीकडच्या वर्षांत महापालिका वर्षाला 20 टीएमसीपेक्षा जास्त पाणी उचलते. हिशेबाला 21 धरू. वर्षाला एक टीएमसी म्हणजे दिवसाला 7.76 कोटी लिटर. म्हणजे 21 टीएमसीचे दिवसाला सुमारे 163 कोटी लिटर झाले.

आता माणसं किती? 2011च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या 31 लाख 24 हजार होती. त्यानंतर 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं आत आली, पण नवी शिरगणती काही झाली नाही. त्यामुळे जलसंपदा खातं एक आकडा धरतं, महापालिका दुसरा, आणि दर वर्षी त्याच आकड्यावर वाद होतो. आपण सढळ हाताने 70 लाख धरू. तरी माणशी 233 लिटर येतात. महानगरांसाठी केंद्राचं मानक माणशी 150 लिटरचं आहे. गळती 40 टक्के धरली (महापालिकेकडूनच वेळोवेळी या आसपासचा आकडा सांगितला गेला आहे) तरी नळापर्यंत 140 लिटर पोचायला हवेत. लोकसंख्या 60 लाख धरली तर 163.

मग धानोरीत टँकर का? कारण 140 ही सरासरी आहे, आणि सरासरी कुणाच्याच नळाला येत नाही. पर्वतीच्या टाक्यांखालच्या जुन्या पेठा, डेक्कन, कोथरूडचा सखल भाग इथे पाणी उताराने येतं आणि भरपूर येतं. शहराची कड जिथे वाढली तिथे वाहिनी शेवटची, टाकी लहान आणि चढ मोठा. हा तुटवडा धरणात नाही, वाटपात आहे. वरून आणखी पाच टीएमसी ओतलं तर ते याच जाळ्यातून जाणार आणि त्यातलं दोन टीएमसी याच जाळ्यातून जमिनीत जिरणार.

दुसरी बाजू मला जास्त टोचते. खडकवासला फक्त पुण्याचं नाही. नवा मुठा उजवा कालवा हवेली, दौंड, इंदापूरपर्यंत जातो. ही धरणं सिंचनासाठी मंजूर झाली, लोकांच्या जमिनी त्यासाठी गेल्या. शहराने जास्तीचा उचललेला प्रत्येक टीएमसी खाली कुणाच्या तरी उन्हाळी आवर्तनातून (शेतीसाठी कालव्याला ठरावीक वेळी सोडायच्या पाण्यातून) वजा होतो. म्हणून महापालिकेने मुंढव्याला जॅकवेल, म्हणजे नदीतलं पाणी उपसायची विहीर, बांधली. तिथून वर्षाला 6.5 टीएमसी प्रक्रिया केलेलं सांडपाणी शेतीच्या जुन्या ‘बेबी’ कालव्यात सोडायचं आणि त्या बदल्यात धरणातलं ताजं पाणी वापरायचं, असं ठरलं. कल्पना उत्तम आहे. पण नदीत येणारं सांडपाणी पुरतं शुद्धच होत नसेल तर कालव्यात काय जातं, हे मांजरी-थेऊरच्या पुढच्या लोकांना विचारा. आत्ताची शुद्धीकरण केंद्रं 500 एमएलडीच्या (दिवसाला दशलक्ष लिटर) आसपासची आहेत. पुरवठा 1,600 चा असेल तर सांडपाणी या केंद्रांच्या क्षमतेहून कितीतरी जास्त निर्माण होतं. जपानच्या जायका संस्थेच्या मदतीने होत असलेली 11 नवी केंद्रं 396 एमएलडीची आहेत. ती पूर्ण चालली तरी फट बुजत नाही.

माझं म्हणणं एवढंच : पुण्याच्या पुढच्या तीस वर्षांच्या पाण्याचा पहिला स्रोत गळती आहे आणि दुसरा सांडपाणी. दोन्ही शहराच्या हद्दीत आहेत. ते हाताशी असताना तिसरा स्रोत म्हणून नवं धरण मागायचा नैतिक अधिकार आपल्याला आहे का? इथल्या जाणकारांनी, आणि खाली राहणाऱ्यांनीही लिहावं.

---

पौड फाटा :
लेख आवडला, पण उत्तर अर्धंच वाटतं. गळती कमी करणं हे पंधरा-वीस वर्षांचं काम आहे. 24 तास पाणीपुरवठ्यासाठी महापालिकेने 2017 साली 200 कोटींचे रोखे काढले, 2018 पासून रस्ते खोदणं चालू आहे, अजून शहर वेळापत्रकावरच जगतंय. तोवर लोकांनी काय प्यायचं? मुळशी धरणाचं पाणी भीमा खोऱ्यातलं आहे. ते गेली शंभर वर्षं पश्चिमेला कोकणात भिऱ्याला वीज करायला जातं. आज विजेला सौर आणि वारा असे पर्याय आहेत, पाण्याला पर्याय नाही. तुटीच्या खोऱ्यातलं पाणी खोऱ्याबाहेर का जाऊ द्यायचं? एक कोटीच्या शहराला नवा स्रोत लागणारच, तर आत्ताच ठरवलेलं बरं.

आंबिल ओढा :
पौड फाटा, खोऱ्याचा मुद्दा बिनतोड आहे, तो मी नाकारत नाही. पण मुळशीचं पाणी परत पूर्वेला वळवायचं ठरलं तर त्यावर पहिला हक्क कुणाचा? सेनापती बापटांनी 1921 साली ज्यांच्यासाठी सत्याग्रह केला, त्या बुडालेल्या गावांच्या वारसांना आजही सगळीकडे नळ नाही. त्यांच्यानंतर भीमेच्या खालच्या दुष्काळी तालुक्यांचा. पुण्याचा नंबर बराच मागे लागतो. आणखी एक : वीज करून ते पाणी संपत नाही. भिऱ्याहून ते कुंडलिकेत उतरतं आणि रायगडात कोलाड-रोह्याकडची शेती आणि उद्योग त्यावर चालतात. तिकडेही खाली माणसं आहेतच.

टेलचा शेतकरी :
मी दौंड तालुक्यातला. वर लिहिलंय ते आम्ही भोगतोय, म्हणून राहवलं नाही. आमचं वर्ष आवर्तनावर चालतं. उन्हाळी दोन आवर्तनं मिळाली तर ऊस जगतो आणि चाऱ्याची सोय होते, एकच मिळालं तर विहिरी तळाला जातात. कालवा सल्लागार समितीची बैठक झाली की आम्ही आधी पुण्याला किती राखून ठेवलं ते वाचतो, मग आमचं. पिण्याचं पाणी पहिलं, हे आम्हाला मान्य आहे. शेतकऱ्यालाही तहान कळते. पण पिण्याच्या नावाखाली गाड्या धुणं, पोहण्याचे तलाव, बांधकामं हे सगळं येत असेल तर ते आमच्या वाटणीचं आहे.

बेबी कालव्याचं सांगतो. त्या पाण्याला फेस असतो, वास असतो. ऊस ते पाणी घेतो, पण भाजीपाला करायला मन होत नाही. कालव्याच्या कडेच्या विहिरींचं पाणी लोकांनी प्यायचं सोडलं आहे. शुद्ध करून दिलं तर आम्ही आनंदाने घेऊ, त्यातलं नत्र पिकाला चालतंच. पण शुद्ध केलंय हे आम्हाला कोण दाखवणार? जॅकवेलवर रोजची तपासणी लावा आणि तो फलक गावच्या चावडीवर लावा, एवढी आमची मागणी आहे.

जॅकवेल :
मी आयुष्यभर पाणीपुरवठ्यात काम केलं, आता निवृत्त आहे. शहराचं नाव घेत नाही, सगळीकडे चित्र सारखंच होतं. लेखकाने गळतीचा आकडा दिला, तो कसा तयार होतो ते सांगतो.

वेळापत्रकाने पाणी देणाऱ्या शहरात वाहिनी दिवसातून बराच वेळ रिकामी असते. व्हॉल्वमन चावी फिरवतो, पाणी धडकन येतं, आधी हवा कोंडते, सांध्यांवर दणका बसतो. रोज दोनदा असं केलं की दहा वर्षांत सांधे ढिले होतात. पाणी बंद झालं की उलट होतं : वाहिनीत पोकळी तयार होते आणि जिथे भेग आहे तिथून बाहेरचं आत ओढलं जातं. शेजारून ड्रेनेजची लाइन गेली असेल तर काय ओढलं जातं, ते सांगायला नको. लोक पहिली दहा मिनिटं गढूळ पाणी सोडून देतात ते म्हणूनच. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा संशय पाण्यावरच आला, आणि रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. नव्याने हद्दीत आलेली गावं, विहिरीचं पाणी, अपुरं क्लोरिन, ही सगळी त्याच नियोजनाची बाजू आहे. नियोजन म्हणजे फक्त किती टीएमसी असं नाही.

24 तास पाणी ही चैन आहे असं बऱ्याच लोकांना वाटतं. वाहिनी कायम दाबाखाली असणं हा त्याचा खरा अर्थ. दाब आतून बाहेर असला की घाण आत येत नाही. लोक साठवत नाहीत, म्हणून ‘शिळं’ म्हणून ओततही नाहीत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, गळती मोजता येते. शहराचे लहान लहान विभाग पाडायचे, प्रत्येक विभागाला पाणी एकाच जागेतून आत जाईल असं करायचं आणि तिथे मीटर बसवायचा. रात्री दोन ते चार या वेळात माणसं झोपलेली असतात. तेव्हाही मीटर जोरात फिरत असेल तर ते पाणी जमिनीत चाललंय किंवा चोरीला. मग कानाने, यंत्राने, गल्लीगल्लीतून शोधायचं. आपल्याकडे बहुतेक गळती मोठ्या वाहिनीवर नसते. ती घरजोडणीवर, फेरूलपाशी (घराची नळी वाहिनीला जिथे जोडतात तिथे) असते : गंजलेला अर्धा इंची लोखंडी जीआय पाइप, रस्ता खोदताना दुखावलेला सांधा. प्रत्येक ठिकाणी थोडी, पण अशी लाखो ठिकाणं.

पुण्याच्या योजनेत 141 विभाग आणि ऐंशीहून जास्त टाक्या ठरल्या आहेत. आराखडा शास्त्रशुद्ध आहे. माझी काळजी वेगळी आहे. टाकी बांधून झाली की फोटो निघतो. रात्रीचा प्रवाह मोजायला दर आठवड्याला जाणाऱ्या माणसाची नेमणूक कुणी करत नाही, आणि योजना तिथेच मरते.

रेश्मा_पर्वती :
मीटरबद्दल सगळे छान बोलताय, आमच्याकडून पण ऐका. मी पर्वतीच्या उतारावरच्या वस्तीत वाढले. पाण्याची मोठी टाकी डोळ्यांसमोर असते आणि वरच्या गल्लीत नळाला धार नसते. आमच्याकडे पाणी भरणं हे बायका-मुलींचं काम, पहाटेचं. एका नळावर चार-पाच घरं. अशा नळाला मीटर लावला तर बिल कोण भरणार? एकाने थकवलं तर सगळ्यांचं तोडणार का? 27 सप्टेंबर 2018 ला दांडेकर पुलापाशी कालवा फुटला, तेव्हा वाहून गेलेली घरंसुद्धा अशाच वस्तीतली होती. पाणी नसलं तरी आम्ही आणि पाणी फुटलं तरी आम्हीच. मीटरला माझा विरोध नाही. पण आधी प्रत्येक घराला स्वतःचा नळ, मग मीटर, आणि गरजेपुरत्या पाण्याला दर नावाला. हा क्रम उलटा झाला तर मीटर गरिबाच्याच गळ्यात पडेल.

कोयनाकाठ :
रेश्माताई, तुमचा क्रम अगदी बरोबर आहे, आणि तो करून दाखवलेलं गाव आमच्या शेजारी आहे. कराडजवळच्या मलकापूरला 2009च्या सुमारास 24 तास पाणी सुरू झालं. राज्याच्या जीवन प्राधिकरणाच्या अभियंत्यांनी आणि नगरपंचायतीने मिळून केलं. प्रत्येक घराला स्वतंत्र जोडणी आणि मीटर, आणि दर टप्प्याटप्प्याने वाढणारा. कमी वापरलं तर अगदी थोडं बिल, जास्त वापरलं की दर चढत जातो. लोकांना भीती होती की 24 तास नळ चालू म्हटल्यावर वापर दुप्पट होईल. झालं उलटं. घरातल्या टाक्या, पिंपं, मोटारी गेल्या, पाणी ओतून देणं बंद झालं, पंपाचं वीजबिल उतरलं. मलकापूर लहान आहे, पुण्याशी तुलना होणार नाही असं कुणी म्हणेल. पण 141 विभाग म्हणजे 141 मलकापुरंच की. एक विभाग नीट करा, लोकांना बघू द्या, मग दुसरा.

ऑरेंज सिटी :
नागपूरहून लिहितोय. आमच्याकडेही आधी धरमपेठेत प्रयोग झाला, मग 2012 पासून सगळ्या शहराचं काम खासगी कंपनीकडे गेलं. मीटर लागले, वस्त्यांमध्ये जोडण्या झाल्या, हे खरं. बिलांवरून आंदोलनं झाली, शहराचे सगळे भाग अजून 24 तासांवर आले नाहीत, हेही खरं. करार किती वर्षांचा, तक्रार कुणाकडे करायची, कंपनीचे आकडे कोण तपासणार, हे आधी ठरवा. एवढं आमच्याकडून शिका.

पण सांडपाण्यात नागपूरने केलं ते महाराष्ट्रात सगळ्यांनी बघावं. भांडेवाडीला शुद्ध केलेलं 130 एमएलडी पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं. आधी ते केंद्र पेंचचं ताजं पाणी घेत होतं. म्हणजे तेवढं पिण्याचं पाणी कुठलंही धरण न बांधता मोकळं झालं, आणि महानिर्मिती त्याचे पैसे देते. पुण्याच्या आसपास एवढे कारखाने आहेत, बांधकामं आहेत. शेतकऱ्याच्या गळ्यात कच्चं पाणी मारण्यापेक्षा जे विकत घेऊ शकतात त्यांना शुद्ध करून विका.

काळा पाषाण :
सगळी चर्चा नळावर चालली आहे. भूजलाचा एकही आकडा पुण्याच्या पाण्याच्या हिशेबात नसतो, आणि टँकर भरतो तो मात्र बहुतांशी भूजलावर. म्हणजे शहराचा एक मोठा स्रोत कागदावरच नाही.

पुणं दख्खनच्या बसाल्टवर बसलं आहे. लाव्हाचे थर एकावर एक. काही थर घट्ट, त्यात पाणी मुरतच नाही. काही सच्छिद्र आणि भेगाळलेले, त्यातच पाणी राहतं. त्यामुळे शेजारच्या बोअरला पाणी लागतं आणि आपल्याला तीनशे फुटांवर धूळ निघते, यात नशिबाचा भाग कमी आणि थरांचा जास्त. वरचा जलधर, म्हणजे पाणी धरणारा थर, पावसाने दर वर्षी भरतो. खोल बोअर जे उपसतं ते भरायला फार काळ लागतो. राज्याच्या भूजल कायद्यात 60 मीटरहून खोल विहिरीवर निर्बंध आहेत. प्रत्यक्षात शहरात कुणी विचारत नाही.

नियोजनात भूजल आणायचं तर पहिली गोष्ट म्हणजे मुरण्याच्या जागांचा नकाशा. पुण्यातल्या अ‍ॅक्वाडॅम संस्थेने जलधरांच्या अभ्यासाचं मोठं काम करून ठेवलं आहे. टेकड्या आणि टेकड्यांचा पायथा या आपल्या मुरण्याच्या जागा. बावधनला रामनदीच्या काठी अजून जिवंत झरे आहेत, ते टेकडीवर पडलेल्या पावसाचे आहेत. टेकडीवर बांधकामाला परवानगी देताना आपण पाण्याचा स्रोत विकतोय, ही जाणीव विकास आराखड्यात कुठेच दिसत नाही. माझ्या मते शहराच्या पाण्याचं नियोजन पाणीपुरवठा खात्यात होतच नाही. ते बांधकाम परवानगीच्या टेबलावर होतं.

नानांची पेठ :
काळा पाषाण यांच्या मुद्द्याला जोडून. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून बंदिस्त नळाने पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं, सगळं उताराच्या जोरावर. वाटेत उच्छ्वास बांधले, म्हणजे नळातली हवा बाहेर पडावी, गाळ बसावा. पेठांतून हौद काढले, काही हौदांना आजही पाणी आहे. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासल्याची भिंत गेली, आणि शहराचा मुख्य स्रोतच नाहीसा झाला. तेव्हा पेठांतल्या विहिरींनी आणि हौदांनी लोकांना तारलं, असं घरातली मोठी माणसं सांगायची. एका स्रोतावर पूर्ण शहर टांगणं किती धोक्याचं, ते पुण्याने एकदा पाहिलं आहे. त्या विहिरी आज कचऱ्याने बुजल्या आहेत. पिण्याला नको, पण बागा, रस्ते, आग विझवणं यासाठी त्या साफ करून वापरता येतील.

सोसायटी सेक्रेटरी :
पावसाच्या पाण्याबद्दल कुणी बोललं नाही. आमच्या सोसायटीत दर वर्षी हा विषय निघतो, म्हणून हिशेब केला होता. गच्ची 1,000 चौरस मीटर, शहरातला पाऊस 700 मिलिमीटर धरला, त्यातलं 80 टक्के हाती लागलं तर 5 लाख 60 हजार लिटर होतात. 10,000 लिटरचे 56 टँकर. ऐकायला मोठं वाटतं. पण 100 घरं, घरटी चार माणसं, माणशी 135 लिटर म्हणजे दिवसाला 54,000 लिटर. सगळा पाऊस साठवला तरी दहा दिवसांचं पाणी. मग उत्साह मावळला. करावं की नाही?

काळा पाषाण :
करावंच, पण साठवायला नव्हे, मुरवायला. तुमचे दहा दिवस तुमच्यापुरते राहत नाहीत, खालच्या अंगाच्या बोअरला जातात आणि तुमच्या बोअरला वरच्या सोसायटीचे येतात. ओढ्याच्या एका पट्ट्यातल्या शंभर सोसायट्यांनी मिळून केलं तरच फरक दिसेल. एकट्याने करून मे महिन्यात बोअर का आटली म्हणून निराश होऊ नका. आणि खड्डा कुठे घ्यायचा ते थर बघून ठरवा. घट्ट खडकात घेतलेला खड्डा म्हणजे डासांची सोय.

सिद्धेश्वर पेठ :
सोलापूरकर म्हणून दोन शब्द. तुमच्या चर्चेत दौंडपर्यंत नदी आली आणि थांबली. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत येते. उजनी 117 टीएमसीचं धरण, आणि आमच्या शहराचं पिण्याचं पाणी तिथूनच येतं. म्हणजे पुण्याने आणि पिंपरी-चिंचवडने जे शुद्ध न करता सोडलं ते आमच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या दारात येतं. उन्हाळ्यात उजनीचं पाणी हिरवं होतं, जलपर्णी पसरते. ते शुद्ध करायचा खर्च आम्ही भरायचा. शिवाय धरणापासून शहर शंभर किलोमीटरच्या वर. आता 170 एमएलडीची दुसरी वाहिनी झाली, पण सोलापुरात रोज पाणी हे किती वर्षांचं स्वप्न आहे ते इथल्या माणसाला विचारा.

म्हणून माझा आग्रह : पुण्याच्या पाण्याच्या आराखड्यात सोलापूरचं नाव लिहिलेलं हवं. वरच्या शहराने आपलं सांडपाणी कोणत्या दर्जाचं करून नदीत सोडायचं, हे खालच्या शहराशी करार करून ठरवा. आज खालच्याला विचारतच नाहीत.

नाथसागर :
छत्रपती संभाजीनगरहून. लेखकाच्या मुद्द्याला आमचं शहर हा सगळ्यात मोठा पुरावा आहे. जायकवाडी 102 टीएमसीचं. तुमच्या चारही धरणांच्या साडेतीन पट. ते काठोकाठ भरलेलं असतानाही इथे नळाला काही काही दिवसांच्या अंतराने पाणी यायचं, कारण शहरात आणणाऱ्या वाहिन्या जुन्या आणि अपुऱ्या होत्या. याच शहराला मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर-ए-अंबरी बांधून जमिनीखालून पाणी आणून दिलं होतं. उलट उदाहरण लातूरचं : तिथे मांजरा धरणच आटलं आणि एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीत 5 लाख लिटर होतं, वर सेक्रेटरीसाहेबांनी काढलेल्या एका गच्चीच्या पावसापेक्षाही कमी. धरणच आटलं असेल तिथे स्रोत शोधायलाच हवा. पण कुठल्या शहराचा रोग कोणता, ते आधी तपासा.

पौड फाटा :
सगळे प्रतिसाद वाचले. मी अजूनही म्हणेन की 2050 साठी स्रोताचा विचार सोडून चालणार नाही, पाऊस बेभरवशाचा होत चालला आहे. पण एक अट मान्य करतो : नव्या पाण्याची मागणी करण्याआधी महापालिकेने विभागवार गळती जाहीर करावी. शहर म्हणून एक टक्का सांगितला की कुणालाच जबाबदार धरता येत नाही. आमच्या विभागाची 45 आणि शेजारच्या विभागाची 20 असं कळलं तर आम्हीच जाऊन विचारू.

आंबिल ओढा :
पौड फाटा, ही अट मी लेखात घालायला हवी इतकी चांगली आहे. विभागवार आकडे, मुंढव्याच्या पाण्याची रोजची तपासणी, टँकर कुठल्या बोअरवरून भरतो त्याची नोंद, आणि सोलापूरशी बोलणं. या चार गोष्टींची मागणी पुढच्या अंदाजपत्रकाआधी लेखी द्यायची आहे. जे येतील त्यांनी मला व्यक्तिगत निरोप (व्यनि) करावा. टेलचे दादा, तुमच्या गावच्या सहीशिवाय तो अर्ज जाऊ नये असं मला वाटतं.

टेलचा शेतकरी :
सही देतो. आमच्या पाणी वापर संस्थेचा ठरावही जोडतो. बैठक ठेवाल तर आमच्या तालुक्यात यवतला ठेवा, पुण्याची माणसं एकदा कालव्याच्या या टोकाला येऊ द्या.

सोसायटी सेक्रेटरी :
जॅकवेल साहेब, एक विचारायचं राहिलं. शहराची रात्रीची गळती महापालिका मोजेल तेव्हा मोजेल. एका सोसायटीला स्वतःची मोजता येईल का? आमच्याकडे मीटर नाही.

जॅकवेल :
येते, आणि मीटरशिवाय येते. पाणी वर चढवून झालं की पंप बंद ठेवा. रात्री एक वाजता गच्चीवरच्या टाकीत काठीने पाण्याची पातळी मोजा, चार वाजता परत मोजा. एक चौरस मीटर टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली तर दहा लिटर गेले. समजा टाकी 4 मीटर बाय 3 मीटर, म्हणजे 12 चौरस मीटर, आणि तीन तासांत 5 सेंटिमीटर उतरलं. तर 600 लिटर गेले, म्हणजे तासाला 200 आणि दिवसाला 4,800. तुमचा अर्धा टँकर. यातून रात्री उठणाऱ्यांचा थोडा वापर वजा करा. बाकीचं फ्लश टाक्यांच्या झिजलेल्या वायसरमधून आणि डक्टमधल्या सांध्यांतून जातंय. फ्लशमध्ये रंगीत पाणी टाकून दहा मिनिटं थांबलं की कुठलं घर ते कळतं.

खालच्या टाकीची चाचणी वेगळी. महापालिकेचं पाणी येत नसेल अशी वेळ धरा, पंप बंद, आणि तशीच तीन तास पातळी बघा. तिथे वापर शून्य असतो, म्हणून एक सेंटिमीटर जरी उतरला तरी टाकीला तडा आहे असं धरा. पाणी येण्याच्या वेळेत मात्र फ्लोट बघा. तो अडकला असेल तर जास्तीचं पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून थेट गटारात जातं आणि कुणाला दिसतही नाही. आकडे इथेच टाका, टाकीचं माप आणि घरांची संख्या लिहून. दहा-बारा सोसायट्यांचे जमले तर अर्जाला जोडू.